नोकरी सांभाळून एम.कॉम. करावे, की दुसरा मार्ग धरावा? कराडहून एक प्रश्न

संगमकाठ (कराड) :

नमस्कार. मी कराडमध्ये एका करसल्लागारांच्या कार्यालयात गेली सहा वर्षे काम करते. 2017 मध्ये 58 टक्के गुणांनी बी.कॉम. झाले, त्यानंतर लग्न झाले, आणि मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर या कार्यालयात रुजू झाले. सुरुवातीला किर्द-खतावणी आणि टॅलीतील नोंदी एवढेच काम होते. आता जीएसटीची मासिक विवरणपत्रे, टीडीएसची (देयकातूनच कापून भरलेल्या कराची) तिमाही विवरणपत्रे, पगारदारांची आणि छोट्या दुकानदारांची आयकर विवरणपत्रे आणि दोन पतसंस्थांचे वर्षअखेरचे ताळेबंद जुळवणे अशी बहुतेक कामे माझ्याकडेच आहेत. नोटीस आली तर उत्तराचा मसुदा मीच लिहिते. तरीही पक्षकार दारात आला की पहिला प्रश्न विचारतो, ‘साहेब कधी येणार?’ त्याची मला चीड येत नाही, परंतु आता पस्तिशीच्या आत स्वतःच्या नावापुढे काहीतरी असावे, असे मात्र तीव्रतेने वाटू लागले आहे.

माझ्यासमोर चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाबद्दल कोणी ना कोणी ठाम मत देऊन गेले आहे. साहेब म्हणतात, एम.कॉम. कर, विषय लेखाशास्त्र आणि करप्रणाली घे. माझे दीर सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा विषयातील शासकीय पदविका) परीक्षेचा आग्रह धरतात. एक मैत्रीण म्हणते, सी.ए.शिवाय सगळे व्यर्थ आहे. चौथा मार्ग म्हणजे काहीच न करता अनुभवावर पुढे जाणे, जो माझ्या सासूबाईंना सर्वांत व्यवहार्य वाटतो, आणि त्या निवृत्त शिक्षिका असल्याने त्यांचे म्हणणे मी सहज बाजूला सारू शकत नाही.

मला विचारायचे आहे ते असे की, एम.कॉम. केल्याने माझ्या कामात नेमका कोणता अधिकार वाढतो? महाविद्यालयात नियमित प्रवेश घ्यावा की दूरशिक्षणाने करावे? आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, विवरणपत्रांच्या हंगामात, ज्यांना रात्री नऊशिवाय घरी जाता येत नाही, त्यांनी ही पदवी प्रत्यक्षात पूर्ण कशी केली? पतीची नोकरी तासवडे एमआयडीसीत पाळीची आहे, त्यामुळे माझ्या हाती पहाटेचे दोन तास आणि रविवार एवढाच वेळ आहे.

कोरेगावकर :

ताई, तुम्हाला बी.कॉम.ला 55 टक्क्यांपेक्षा अधिक गुण आहेत, म्हणजे सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेला न बसता थेट इंटरमीडिएटसाठी नोंदणी करता येते. आर्टिकलशिपही (सी.ए.च्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) 2023 च्या नव्या योजनेत तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. सहा वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीने एम.कॉम.वर दोन वर्षे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सही करण्याचा अधिकार हवा असेल तर तो तेथेच मिळतो.

वाणिज्य अध्यापक (सांगली) :

कोरेगावकरांनी दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु तिच्यातील एक अडचण त्यांनी सांगितलेली नाही. आर्टिकलशिप हे पूर्णवेळ प्रशिक्षण आहे. त्या दोन वर्षांत सध्याची नोकरी सोडावी लागेल आणि पगाराच्या जागी विद्यावेतन मिळेल. ज्या घरात शाळकरी मुलगा आहे आणि एक पगार पाळीच्या नोकरीचा आहे, त्या घराने हा हिशेब आधी कागदावर मांडावा. तो जमत असेल तर सी.ए.सारखा दुसरा मार्ग नाही, हे मीही मान्य करतो. माझ्या वर्गात मात्र दरवर्षी असे काही विद्यार्थी असतात, ज्यांनी इंटरमीडिएटचा एक गट सुटला नाही म्हणून चार-पाच वर्षे दुसरे काहीच केले नाही, आणि त्यांच्याकडे पाहिले की हा सल्ला सरसकट देण्याचे धाडस होत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. त्याचे उत्तर कदाचित तुम्हाला आवडणार नाही. एम.कॉम.मुळे करविषयक कामातील तुमचा कायदेशीर अधिकार वाढत नाही, कारण पदवीधर म्हणून जो अधिकार मिळतो तो बी.कॉम.नेच तुम्हाला मिळालेला आहे. आयकर अधिकाऱ्यासमोर करदात्याची प्रतिनिधी म्हणून उभे राहण्यासाठी जी शैक्षणिक अर्हता लागते, ती जुन्या, 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 288 आणि आयकर नियमांतील नियम 51 नुसार वाणिज्य किंवा विधी शाखेची पदवी अशी आहे. जीएसटी प्रॅक्टिशनर (करदात्यांची जीएसटी विवरणपत्रे भरणारी नोंदणीकृत व्यक्ती) म्हणून नोंदणीसाठीही वाणिज्य पदवी पुरते. पुढे त्यासाठीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, एवढेच. सहा वर्षे तुम्ही दुसऱ्याच्या लॉगिनने विवरणपत्रे भरत असाल आणि ही नोंदणी केलेली नसेल, तर कोणत्याही महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी ती करावी, अशी माझी सूचना आहे. आयकर कायद्याखालील टॅक्स ऑडिटच्या अहवालावर सही मात्र सी.ए.चीच लागते, आणि एम.कॉम., एम.फिल. किंवा पीएच.डी. यांपैकी कशानेही ती मर्यादा ओलांडता येत नाही. एका गोष्टीची येथे आठवण देतो. जीएसटीच्या वार्षिक ताळमेळ विवरणाला पूर्वी सी.ए. किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागत असे, ते 2020-21 या वर्षापासून लागत नाही; करदाता स्वतः ते प्रमाणित करतो. म्हणजे सहीच्या रेषा कायद्याने आखलेल्या असतात आणि कायद्यानेच त्या सरकतात.

मग एम.कॉम. कशासाठी करायचे? अध्यापनात यायचे असेल तर त्याला पर्याय जवळजवळ नाही. सेट किंवा नेट परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात 55 टक्के आणि राखीव प्रवर्गांत 50 टक्के गुण लागतात, आणि त्या परीक्षेनंतर सहायक प्राध्यापक पदाची किमान अर्हता पूर्ण होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये सी.ए., सी.एस. (कंपनी सेक्रेटरी) आणि कॉस्ट अकाउंटंट या अर्हतांनाही पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानले, त्यामुळे त्या मार्गानेही नेटला बसता येते. अनुदानित जागांची भरती कशी होते आणि तासिका तत्त्वावर किती जण किती वर्षे काढतात, हे मात्र आपल्या जिल्ह्यांत कोणाला सांगावे लागू नये. केवळ प्राध्यापक होण्याच्या आशेने कोणी एम.कॉम. करत असेल तर मी त्याला दोनदा विचार करायला सांगतो.

तुमच्यासारख्या कार्यरत व्यक्तीला एम.कॉम.चा खरा उपयोग वेगळा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. कार्यालयात आपण कलम शिकतो ते प्रकरण समोर आले म्हणून, तुटक-तुटक. टीडीएस कापायचा हे माहीत असते, परंतु तो कापण्याची रचना का आली आणि उत्पन्नाच्या व्याख्येशी तिचा सांधा कुठे आहे, हे विचारायला सवड नसते. आणि नेमक्या याच वेळी जमीन हलली आहे. आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला आहे. त्यात 536 कलमे आहेत, ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही जोडी जाऊन ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे, आणि टीडीएसची डझनावारी विखुरलेली कलमे वेतनासाठी 392 आणि इतर देयकांसाठी 393 अशी एकत्र केली आहेत. ज्या व्यक्तीने 194सी आणि 194जे हे आकडे घोकून काम शिकले, तिची पाटी एका अर्थाने पुसली गेली आहे. परंतु आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या उत्पन्नाची विवरणपत्रे, फेरतपासणी आणि अपिले जुन्याच कायद्याखाली चालणार आहेत. पुढची काही वर्षे दोन्ही कायदे शेजारी-शेजारी ठेवून वाचता येणारी माणसे लागतील, आणि असे वाचन शिस्तीने करण्यासाठी अभ्यासक्रमाची चौकट उपयोगी पडते. प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयाचा करप्रणालीचा अभ्यासक्रम नव्या कायद्यावर आला आहे का, हे अवश्य विचारा.

नियमित की दूरशिक्षण, याबद्दल सांगायचे तर साताऱ्यात प्रवेश घेताना पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हेही आधी पाहावे. रयत शिक्षण संस्थेचे धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय आता साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचे घटक आहे, तर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील इतर बहुतेक महाविद्यालये 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. दोन्ही पदव्या सारख्याच मान्य आहेत. विषयांची रचना आणि परीक्षांच्या तारखा वेगळ्या असू शकतात. (ज्यांच्या नावाने ते महाविद्यालय आहे, ते गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. सहकाराचा हिशेब हा अर्थशास्त्राचा विषय आहे, हे आपल्या भागाला त्या पिढीने शिकवले.) राज्य शासनाच्या 2023 च्या आराखड्यानुसार दोन वर्षांच्या एम.कॉम.ला एकूण 88 श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे प्रत्येक सत्राला 22. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात कार्यानुभव, तिसऱ्या आणि चौथ्यात मिळून 10 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. तुम्ही करत असलेले काम कार्यानुभव म्हणून धरता येईल का, हे विभागप्रमुखांना लेखी विचारून घ्या. पहिले वर्ष पूर्ण करून थांबावे लागले तर पदव्युत्तर पदविका हाती पडते, ही तरतूद तुमच्यासारख्यांसाठी मोठा आधार आहे.

कराडहून सातारा 50 किलोमीटरच्या आसपास आहे. रोजची हजेरी नोकरीसोबत जमणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. कराडमधील महाविद्यालयात सकाळचे वर्ग असतील तर त्यांची चौकशी करा, अन्यथा दूरशिक्षण घ्या. शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू असे मार्ग आहेत. त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे, एवढे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून मगच पैसे भरावेत.

विट्याचा लेखापरीक्षक :

अध्यापक महोदयांचे विवेचन उत्तम आहे, परंतु ते महाविद्यालयाच्या खिडकीतून केलेले आहे. प्रश्नकर्त्या ताईंनी स्वतःच लिहिले आहे की त्या दोन पतसंस्थांचे ताळेबंद जुळवतात. मला त्यांच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच वाटले, आणि त्यांच्या दिरांचे म्हणणे एका ओळीत निघून गेले याचे वाईट वाटले.

सातारा-सांगलीत अधिकार वाढवणारी आणि नोकरी न सोडता मिळवता येणारी अर्हता जी.डी.सी. अँड ए. हीच आहे. सहकार खात्यामार्फत ही परीक्षा वर्षातून एकदा, साधारणपणे मे महिन्यात होते, तिला पदवीधर बसू शकतात आणि मराठीतून उत्तरे लिहिता येतात. लेखाशास्त्र आणि लेखापरीक्षण तुम्हाला जड जाणार नाही; सहकार कायदा आणि इतर कायदे यांच्यासाठी मात्र बसून वाचावे लागेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 मध्ये प्रमाणित लेखापरीक्षकाची जी व्याख्या आहे, तिला पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा अनुभव आणि मराठीचे कामापुरते ज्ञान लागते. त्यानंतर शासनाच्या नामतालिकेवर (पॅनेलवर) नाव येते आणि संस्थेची सर्वसाधारण सभा तुमची नेमणूक करते. अहवालावर जी सही होते ती तुमची असते. त्या दिवशी ‘साहेब कधी येणार’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, कारण मीही आठ वर्षे दुसऱ्याच्या टेबलावर ताळेबंद जुळवले आहेत.

आपल्या दोन जिल्ह्यांत विकास सेवा सोसायट्या, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था, पतसंस्था, नागरी बँका आणि साखर कारखाने यांचे जे जाळे आहे, त्यात कामाची वाण पडत नाही. तोटा असा की छोट्या सोसायट्यांची लेखापरीक्षण फी तुटपुंजी असते, ती मिळायला उशीर होतो, आणि संचालक मंडळातील दोन गटांच्या भांडणात लेखापरीक्षकाला ओढण्याचा प्रयत्न होतो. एका संस्थेत थकबाकीची तरतूद कमी दाखवण्यास मी नकार दिला, तेव्हा पुढच्या वर्षी माझे नाव सभेपुढे आलेच नाही. हे धरूनच या व्यवसायात यावे.

एम.कॉम. करू नका असे मी म्हणत नाही. ती पदवी घ्यायची असेल तर आपल्याच मातीतला विषय घेऊन करा. ऊसदराचा आयकर हा त्यातला एक विषय. सहकारी कारखान्याने वैधानिक किमान किमतीपेक्षा जास्त दिलेला दर हा खर्च आहे की सभासदांना वाटलेला नफा, या वादात सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निर्णय आहे आणि त्यातील पक्षकार तासगाव तालुका सहकारी साखर कारखाना आहे. न्यायालयाने नफ्याचा अंश असेल तेवढाच भाग वाटप समजावा आणि तो अधिकाऱ्याने हिशेब तपासून ठरवावा, असे सांगितले. त्याआधी 2015 च्या वित्त कायद्याने पुढील वर्षांपुरती वजावटीची तरतूद केलेली होती, आणि 2023 च्या अर्थसंकल्पाने मागील वर्षांचा प्रश्न सोडवला. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या या वादाचा अभ्यास करायला दिल्ली-मुंबईला जावे लागत नाही.

संगमकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी मी केलेली नाही, हे येथे लिहिताना थोडी लाज वाटते. कार्यालयाच्या लॉगिनने काम होत गेले आणि स्वतःची नोंदणी करावी हे सुचलेच नाही. उद्याच अर्ज भरते.

लेखापरीक्षक सर, आपले मत वाचून जी.डी.सी. अँड ए.कडे मन झुकले आहे, परंतु एम.कॉम.चा विचारही सुटत नाही. दोन्ही एकत्र करणे नियमात बसते का? दुसरी शंका प्रकल्पाची आहे. माझ्याजवळ पक्षकारांची माहिती आहे, पण ती विश्वासाने दिलेली आहे. ती वापरून प्रकल्प लिहिणे मला योग्य वाटत नाही, आणि ती न वापरता लिहिण्यासारखे माझ्याकडे काय आहे, हेही कळत नाही.

बेदाणा सौदा (सांगली) :

प्रकल्पाबद्दल मी लिहितो, कारण त्या एका गोष्टीपायी माझे एम.कॉम. दोनऐवजी चार वर्षांचे झाले. मी मार्केट यार्डात एका आडत पेढीवर हिशेबनीस आहे. 2019 मध्ये दूरशिक्षणाने प्रवेश घेतला. पहिले वर्ष बऱ्यापैकी गेले, पुढे करोनामुळे परीक्षांचे वेळापत्रक विस्कटले, ते सर्वांचेच विस्कटले होते. प्रकल्पाचा विषय मी घेतला होता, ‘यार्डातील व्यापाऱ्यांचे जीएसटी अनुपालन’. मार्गदर्शकांनी शंभर प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या. मी बारा आणल्या, आणि उरलेल्या अठ्ठ्याऐंशी एका रविवारी घरी बसून स्वतःच भरल्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गठ्ठा हातात घेतला, दहा-पंधरा पाने उलटली आणि विचारले, ‘यार्डातले सगळे व्यापारी एकाच पेनाने लिहितात काय?’ प्रकल्प परत आला. चूक सर्वस्वी माझी होती.

दुसऱ्यांदा केला तेव्हा बत्तीसच व्यापारी घेतले, परंतु प्रत्येकाला सौदे संपल्यावर दुपारी गाठून भेटलो. ओली हळद करमुक्त आहे आणि वाळवलेल्या हळदीवर 5 टक्के कर आहे, हे सगळे जण सांगत होते. शेतकऱ्याने हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणली तर ती शेतमालच राहते का, आणि तिच्या आडतीवर कर लागतो का, यावर मात्र बत्तीस जणांची किमान पाच मते निघाली. ती पाच मते नोंदवणे हाच माझा प्रकल्प झाला. मध्येच 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या गुळावर 5 टक्के कर आला आणि सुटा गूळ करमुक्त राहिला, त्यामुळे गुळाचे प्रकरण पुन्हा लिहावे लागले. बेदाण्याचा प्रश्न तर माझी पदवी हाती आल्यानंतर सुटला. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटीचे दायित्व नाही, हे स्पष्टीकरण डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीतून आले. त्याआधी तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांत यावरून किती शब्दाला शब्द लागत असे, ते मी ऐकलेले आहे.

ताई, पक्षकारांच्या फायलींना हात लावू नका, ही तुमची भावना अगदी रास्त आहे. परंतु पतसंस्थांचे वार्षिक अहवाल सभासदांना छापून वाटले जातात. त्यात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि लेखापरीक्षकाचा अहवाल असतो. सप्टेंबरअखेरपर्यंत सर्वसाधारण सभा होतात, त्या दिवसांत तुमच्या नात्यातील सभासदांकडून दहा-बारा संस्थांचे तीन-तीन वर्षांचे अहवाल सहज जमतील. जिल्हा बँकेतील ठेवींवर पतसंस्थेला मिळणारे व्याज जुन्या आयकर कायद्याच्या कलम 80पी (सहकारी संस्थांची वजावट) खाली वजावटीस पात्र आहे का, हा वाद घ्या. सर्वोच्च न्यायालयाचे 2010 आणि 2021 चे दोन निर्णय त्यात वाचावे लागतात, आणि विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर ही वजावटच हातची जाते, हे किती संस्थाचालकांना ठाऊक आहे, एवढे विचारले तरी एक प्रकरण तयार होते.

वेळेबद्दल माझा अनुभव असा की, पुस्तक उघडण्याचा संकल्प जुलै ते ऑक्टोबर या काळात करूच नये. तो मोडतो आणि मोडल्याची टोचणी उरलेले महिनेही खाते. मी त्या चार महिन्यांत फक्त दिवसभरात हाताळलेले एक कलम रात्री मूळ कायद्यात वाचत असे, दहा मिनिटे. खरा अभ्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हिवाळी परीक्षा विवरणपत्रांच्या हंगामाच्या शेपटावर येते, म्हणून त्या सत्रात जड विषय पुढे ढकलता येत असेल तर ढकलावा, आणि उन्हाळी परीक्षा मार्चअखेरला लागून येते, म्हणून जानेवारीतच मालकांकडे रजेचे बोलून ठेवावे. मी एप्रिलमध्ये रजा मागितली होती आणि ती मिळाली नाही. त्यात मालकांचे काही चुकले, असे आता वाटत नाही.

वाणिज्य अध्यापक (सांगली) :

दोन्ही एकत्र करण्यास आडकाठी नाही. अनुदान आयोगाने 2022 पासून दोन पदव्याही एकाच वेळी करण्यास परवानगी दिली आहे, आणि जी.डी.सी. अँड ए. ही तर विद्यापीठाची पदवी नसून शासकीय पदविका आहे. अडचण नियमाची नाही, मे महिन्याची आहे. उन्हाळी सत्राची परीक्षा आणि ही परीक्षा जवळजवळ येऊ शकतात. विट्याच्या लेखापरीक्षकांनी मला खिडकीत बसवले ते मी मान्य करतो. त्यांची सूचना माझ्या सूचनेच्या आधी यायला हवी होती.

शाहूनगर (सातारा) :

मी वकील आहे, त्यामुळे माझे मत एकांगी समजावे. कराच्या वादांत रस असेल तर एलएल.बी.चाही विचार करावा. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले असून सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. जीएसटीच्या आदेशाविरुद्ध रिट याचिका करायची तर पूर्वी पक्षकाराला मुंबई गाठावी लागे, आता कोल्हापूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते, आणि त्यामुळे प्रकरण नीट मांडून देणाऱ्या जाणकारांची गरज आमच्याकडे वाढली आहे. मात्र हा पदवीनंतरचा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि तो दूरशिक्षणाने होत नाही. सध्याच्या तुमच्या परिस्थितीत मी तो सुचवणार नाही, केवळ नोंद म्हणून लिहिले.

संगमकाठ :

काल रात्री सासूबाईंना हा सगळा संवाद वाचून दाखवला. एकाच पेनाची गोष्ट ऐकून त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या की शाळेत असताना त्यांनीही अशा वह्या पकडल्या आहेत. नंतर त्यांनी एक व्यवहाराचा प्रश्न विचारला, की आधी कोणती परीक्षा दिली तर दुसरीचा अभ्यास अर्धा होईल? त्यावर विचार करून मी असे ठरवते आहे की, येत्या मे महिन्यात जी.डी.सी. अँड ए. द्यावी आणि एम.कॉम.चा प्रवेश त्यानंतरच्या वर्षी दूरशिक्षणाने घ्यावा. तोपर्यंत सप्टेंबरच्या दोन हंगामांत अहवाल गोळा होतील. सी.ए.चा विचार मी सोडते आहे. कोरेगावकरांनी राग मानू नये, पगाराचा हिशेब कागदावर मांडला आणि तो जमला नाही.

विट्याच्या सरांना एक विचारायचे आहे. सहकार कायद्याचा अभ्यास मूळ अधिनियमावरून करावा की परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांवरून?

विट्याचा लेखापरीक्षक :

मूळ अधिनियमावरून, आणि सोबत 1961 चे नियम व तुमच्या एखाद्या पतसंस्थेचे मंजूर उपविधी घेऊन बसावे. कलम वाचले की त्या विषयाचा उपविधी काढून पाहायचा आणि मग त्या संस्थेच्या शेवटच्या लेखापरीक्षण अहवालात त्यावर काय शेरा आहे, ते शोधायचे. मार्गदर्शक पुस्तक शेवटच्या महिन्यात, मागील प्रश्नपत्रिका सोडवण्यापुरते उघडावे. अधिनियमाची प्रत घेताना सहकारी संस्थांविषयीच्या 97 व्या घटनादुरुस्तीनंतरच्या 2013 च्या सुधारणा आणि त्यानंतरचे बदल त्यात आहेत याची खात्री करा. बाजारात जुन्या प्रती अजून विकल्या जातात आणि कलम 81 त्यांत पूर्वीचेच छापलेले असते.